उसना दिलेला लोडर

“टेकू लावलास का?” लोडरच्या उचललेल्या हातांखाली वाकण्याआधी नॉर्बर्टने विचारले.

“लावलाय. तुला मरायचंच असेल तर काढतो.”

“आज नको बाबा. संध्याकाळचं दूध काढायचंय.”

लेस्टर कसनुसा हसला. नॉर्बर्टला त्याने बोलावले नव्हते. लोडर रुसल्याचे लेस्टरच्या बायकोने, आर्डिसने, चर्चमध्ये सहज बोलून दाखवले, आणि शेजारधर्म म्हणून नॉर्बर्ट सकाळीच हत्यारांची पेटी घेऊन गोठ्यापुढे हजर झाला. खरे तर या घडीला साऱ्या विस्कॉन्सिन राज्यात लेस्टरला नको असलेला माणूस तोच होता.

लोडर जुना, पुढे दोन लोखंडी हात आणि बकेट असलेला, चालवणाऱ्याला जेमतेम आत घेणारा, पण जागच्या जागी गिरकी घेणारा. शेण ओढायला, मुरघास भरायला त्याच्यावाचून पान हलत नसे. उन्हाळा सरताना नॉर्बर्टने तो उसना नेला होता. मशीन परत करायची ती धुऊन, डिझेल भरून, ग्रीस मारून, ही तिकडची रीत. नॉर्बर्टने वरकड म्हणून हायड्रॉलिकचे, म्हणजे ज्याच्या दाबावर हात उचलतात ते, तेलही भरले आणि तसे सांगितले. पुढे थंडी पडली, आणि लोडरच्या हातांतला जीव गेला.

पेंडीच्या गिरणीत सकाळी शेतकरी कॉफीभोवती जमत. तिथे लेस्टर बोलून गेला, “कुठल्या डब्यातलं तेल ओतलंय देव जाणे. नॉर्बर्टच्या हातात मशीन द्यायची म्हणजे...” वाक्य त्याने अर्धेच सोडले होते. उरलेले अर्धे लोकांनी पुरे केले. त्या हंगामात नॉर्बर्टने मका कापायचे यंत्र मागितले, तर “मोकळं नाही रे” असे उत्तर आले. यंत्र शेडमध्ये रस्त्यावरून दिसत उभे होते. त्या मुलखात माणूस दारू प्यायला, बायकोशी भांडला, तरी चालून जाते. पण ज्याला कुणी मशीन देत नाही, तो जिवंतपणी गावाबाहेर जातो.

“चालू कर,” नॉर्बर्ट म्हणाला. पंप किंचाळला. “ऐकतोस ना, कसा रडतोय? हात मंद अन् बकेटही मंद. एकच मंद असतं, तर त्या सिलिंडरचं सील गेलं म्हटलं असतं. दोन्ही म्हणजे रोग मागे आहे.” त्याने तेलाच्या टाकीत डोकावून पाहिले. “तेलाला फेस आलाय. पंपाला तेल पुरत नाही, म्हणून हवा गिळतोय.”

दाबाचा व्हॉल्व्ह त्याने उघडून पुसला, परत बसवला. फरक पडला नाही. मग टाकी रिकामी केली आणि पंपाकडे जाणारी नळी काढली. ती तडकली होती.

“हवा इथून शिरते. पण नुसत्या एवढ्यानं असा रडायचा नाही तो. पुढे काहीतरी तुंबलंय. मी घरून नळी घेऊन येतो, तोवर टाकीचं नळीकडचं भोक बघून ठेव.”

तो गेला. लेस्टरने भोकात बोट घातले. काहीतरी मऊ लागले. तारेच्या आकड्याने त्याने ते ओढले, तर लांबलचक, तेलात भिजलेली निळ्या चौकटींची बाही बाहेर आली.

ती त्याच्याच जुन्या सदऱ्याची होती. गवत कापणीच्या धांदलीत टाकीचे झाकण हरवले, तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून त्याने स्वतःच तिचा बोळा टाकीच्या वरच्या तोंडात कोंबला होता. नवे झाकण आणले तेव्हा बोळा जागेवर नव्हता. कुठेतरी उडून पडला असेल, असे तो धरून चालला. तेव्हा लोडर नॉर्बर्टच्या दारात गेलाही नव्हता.

गाडीचा आवाज आला. लेस्टरने बाही खिशात कोंबली. थंड तेल पँटमधून मांडीला लागले.

नॉर्बर्टने नळी बसवली, पान्याने बोल्ट आवळले, तेल भरले. आता पंप गुणगुणला आणि बकेट झपकन वर गेली.

“काय सापडलं?”

“कचरा,” लेस्टर म्हणाला.

नॉर्बर्ट कितीतरी वेळ हात पुसत राहिला. मग लेस्टरकडे बघत म्हणाला, “माझ्याच डब्यातून गेला असेल. लोक म्हणतात तसं.”

तो थांबला. लेस्टर पंपाकडे बघत होता.

“होतं असं कधीकधी,” लेस्टर म्हणाला.

आर्डिसने दारातून कॉफीला हाक मारली. तिकडे पहिल्यांदा नको म्हणतात, दुसऱ्यांदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा टेबलाशी बसतात. नॉर्बर्ट तिसऱ्यांदाही नको म्हणाला आणि पेटी उचलून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी गिरणीत सगळ्यांसमोर लेस्टरने सांगून टाकले, “लोडर तुंबवणारा बोळा माझा होता, माझ्याच सदऱ्याच्या बाहीचा. नॉर्बर्टचं तेल चोख होतं.” कान तापले होते, आवाज चिरकत होता. मंडळी खदखदून हसली.

“अरे, स्वतःचीच बाही पाजलीस होय त्याला!” मिल्टन म्हणाला. कापायचे यंत्र त्याचेच. “आम्ही तर विसरूनही गेलो होतो. पण हे नॉर्बर्टला सांगितलंस का?”

लेस्टर तसाच घरी आला आणि लोडर घेऊन नॉर्बर्टच्या दारी गेला. नॉर्बर्ट गोठ्यात दाताळ्याने शेण ओढत होता.

“नॉर्बर्ट, कालचा तो कचरा...”

“माहिती आहे.” दाताळे थांबले नाही. “टाकीच्या भोकाशी तुझ्या चौकटीच्या सदऱ्याचा निळा दोरा अडकला होता. नळी बसवताना मीच काढला.”

“मग डब्याचं का बोललास?”

“तुला बोलता यावं म्हणून.”

लेस्टर एक पाऊल पुढे आला.

“गिरणीत सांगून आलोय मी,” लेस्टर म्हणाला. “सगळ्यांसमोर.”

“बरं केलंस. त्रास घेतलास.”

“हा लोडर ठेव. हिवाळाभर ठेव.”

“आभारी आहे. पण होतच आलंय माझं.”

शेणाचा ढीग कमरेएवढा होता. तिथली माणसे रागावली की ओरडत नाहीत. नम्र होतात. लेस्टर अजून एखाद्या शब्दाची वाट बघत उभा राहिला. नॉर्बर्टने त्याला आर्डिसची तब्येत विचारली, हवा उद्या बिघडेल म्हणाला, आणि पुन्हा कामाला लागला.

लेस्टर लोडरमध्ये बसला. जरासा दांडा हलवताच हात लोण्यासारखे वर गेले. त्याने रिकामी बकेट खाली घेतली, जागच्या जागी वळला आणि फाटकापाशी मागे पाहिले.

नॉर्बर्टने दाताळ्याच्या दांड्यावरून एक बोट उचलले. रस्त्याने कुणाही अनोळख्याची गाडी गेली, तरी तिकडे उचलतात तसे.