प्राध्यापक हुकूमचंद यांचे अभयदान

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली वाशीम येथे प्राध्यापक हुकूमचंद हे जीवशास्त्राचे अध्यापन करीत असत. आपण विद्वान आहोत, ही गोष्ट ते स्वतः तर विसरत नसतच, परंतु इतरांसही विसरू देत नसत. शेजारी या नात्याने मला तो लाभ नित्य घडे.

त्यांना डॉक्टर ही पदवी हवी होती. पेशीच्या केंद्रकात असे एक प्रथिन असते, की जे जनुकांना जागे करून कामास लावते. ते डोळ्यांस दिसत नाही. परंतु सशास टोचले असता सशाचे शरीर त्यास शत्रू समजते व रक्तात नाना प्रकारची प्रतिपिंडे निर्माण करते. त्या रक्ताच्या साहाय्याने मग ते प्रथिन हुडकून काढता येते. नागपूरच्या मार्गदर्शकांकडे होते तेवढे सारे प्रथिन हुकूमचंदांनी दोन पांढऱ्या सशांना टोचविले. टोचविले असे म्हणतो, कारण स्वतः सुई धरणे त्यांच्या जैन धर्मात बसत नव्हते. ते पातक गुरांच्या दवाखान्यातील फय्याज यांच्या हातून करवून घेण्यात आले. आता केवळ रक्त काढणे उरले होते.

पिंजरा घरामागील अंगणात होता. मातोश्री कंचनबाई यांना सत्य सांगण्याचे धैर्य या विद्वानाच्या अंगी नव्हते. त्यांनी सांगितले, की हे ससे मी कापणाऱ्याच्या हातून सोडवून आणले, आणि सुई आहे ती शक्तीची.

"म्हंजे मले खाटीक बनवलं न सर तुमी!" ससे आणून देणारे फय्याज हे ऐकून म्हणाले. "बरं, रक्त आजच काढून घेऊ. ससे तयार हायेत."

"पागल झाला काय? उद्यापासून पर्युषण. घरात रक्ताचा थेंब दिसला तं माय अन्न सोडन. पर्व होऊ दे."

"आज हायेत म्हून म्हनतो. उद्याचं कोनं पाह्यलं?"

"तू सुई पाह्य. विज्ञान मी पाह्यतो."

इकडे कंचनबाईंनी पुत्राची ही दया मंदिरात सर्वांना सांगितली. पर्वभर हुकूमचंदांची स्तुती होत राहिली, आणि ते नजर खाली वळवून ती प्रत्येक वेळी स्वीकारत राहिले. पर्वाच्या समाप्तीस मुक्या जिवांना मोकळे सोडून अभयदान देण्याची चाल आहे. त्या दिवशी मंडळी वाजतगाजत अंगणात आली. पिंजऱ्यास झेंडूच्या माळा, तशीच एक प्राध्यापकांच्या गळ्यात. मिरवणूक गावाबाहेरील झुडपांपाशी थांबली.

"उघड रे हुकूम," कंचनबाई गहिवरून म्हणाल्या. "तुह्याच हातानं उघड. असा लेक कोनाच्या पोटी येते!"

फय्याज गर्दीतून पुढे आले व हळूच म्हणाले, "सर, अजूनबी सांगून टाका. दोन शब्दाचं काम हाय. ससेबी वाचतीन, डिग्रीबी वाचन. हे पाळलेले जीव. सांजलोक कुत्रे खातीन त्याइले."

"चूप रे. लोक पाहून राह्यले."

ज्या विज्ञानाची थोरवी आम्ही त्यांच्या मुखातून दररोज ऐकली, त्याच्यासाठी त्यांच्याने मातोश्रींसमोर एक वाक्य बोलवले नाही. त्यांनी दार उघडले.

ससे बाहेर येईनात. प्राध्यापकांनी त्यांना मानेस धरून बाहेर ओढले. जयजयकार झाला. एक ससा तेथेच थरथरत बसला. दुसरा वळून पुन्हा पिंजऱ्याकडे धावला. हुकूमचंदांचे दोन्ही हात मंडळींना जोडलेले होते, म्हणून त्यांनी पिंजऱ्याचे दार पायाने लोटून बंद केले.