अज्ञात कर्त्याची अकरा कार्डे

सहा वर्षांपूर्वी श्यामकांतांना एक पत्र आले. त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही. पत्र माझ्या पोटात टाकले आणि मला ढकलून दिले, जणू मी खण नव्हे, विहीर आहे.

होय मित्रांनो, मी एक जुना खण आहे. सागवानी, हातभर लांब. तोंडावर पितळेची चौकट आणि तिच्यात 'अ' लिहिलेली चिठ्ठी. विलेपार्ल्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कार्डांचे कपाट होते, त्याच्या चोवीस खणांतला मी पहिला. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड, कार्डाच्या तळाशी भोक आणि सगळ्या भोकांतून ओवलेली सळई, म्हणजे कोणी कार्ड पळवू नये. संगणक आला आणि आम्ही भंगारात निघालो. तेव्हाचे ग्रंथपाल श्यामकांत यांनी आम्हाला घरी आणले. त्यांचे उपकार मानावेत की नाही, हे अजून ठरलेले नाही.

ओल धरून मी फुगलो आहे. पुरता बंद होत नाही, दोन बोटे उघडा राहतो. त्या फटीतून जे दिसले तेच सांगतो. मला ते नीट सांगता येईल का, ही शंका आहेच. पण बाकीच्या तेवीस खणांत शिवणाचे दोरे आणि मुदत संपलेली औषधे आहेत. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

त्या ग्रंथालयात कुंडलिक सोनवणे नावाचे शिपाई होते. राहायला घाटकोपरला. भीमजयंतीच्या ऑर्केस्ट्रात ते इलेक्ट्रिक गिटार वाजवत, आणि जेवणाच्या सुट्टीत तीच गिटार मागच्या खोलीत काढून बसत. वीज न जोडता ती वाजवली तर डास गुणगुणल्याएवढाच आवाज होतो. ग्रंथालयाला याहून सोयीचे वाद्य नाही. त्यांनी स्वतः रचलेली एक धून होती. श्यामकांत लहानपणी हार्मोनियम शिकलेले, त्यांना स्वरलिपी येत होती. त्यांनी ती धून रद्द कार्डांच्या कोऱ्या पाठीवर उतरवून घेतली. अकरा कार्डे भरली.

इथवर सगळे चांगले होते. पण कार्ड म्हटले की वर लाल शाईने कर्त्याचे नाव लिहायचे असते, आणि छापील पानावर नाव नसेल तर 'अज्ञात' लिहायचे, असा नियम. नाव समोर बसून डबा खात होते. श्यामकांतांनी लिहिले, 'कर्ता : अज्ञात'. आणि ती कार्डे 'अ' म्हणून माझ्यात लावली.

नियम हा बहाणा होता, मित्रांनो. शिपायाने इतकी सुंदर धून स्वतः रचली असेल, हे या वाचणाऱ्या माणसाला पटलेच नाही. कुठूनतरी उचलली असेल, असे ते धरून चालले. विचारलेसुद्धा नाही.

मग निवृत्तीनंतर जालन्याला गेलेल्या कुंडलिकांचे ते पत्र आले. 'सर, अर्धांगाचा झटका येऊन गेला. डाव्या हाताची बोटं वळत नाहीत. नात तेजल गिटार शिकते. तिला माझी धून द्यायची आहे, पण पुढची अर्धी आठवत नाही. तुम्ही लिहून घेतली होती. नुसती कार्डं पाठवलीत तरी चालेल.'

नुसती कार्डे! तीच तर पाठवता येत नव्हती. श्यामकांत टेबलाशी बसायचे, मसुदा लिहायचे, फाडायचे. मायना पटेना, शेवट पटेना. मी तुच्छतेने पाहत राहिलो. मला सळई आहे, कणा नाही. त्यांचेही तसेच निघाले.

मागच्या वर्षी श्यामकांतांची नात गंधाली इथे राहायला आली, कारण तिचे ऑफिस मरोळला. येताना एक गिटार घेऊन आली, मुलुंडच्या कुणाची तरी वापरलेली. तिला घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचे होते. आमच्या डोक्यावर तिने लॅपटॉप ठेवला, शेजारी दोन बटणांची एक लाल डबी, छोटा स्पीकर आणि हेडफोन. गिटारची वायर डबीत, डबीची वायर लॅपटॉपमध्ये. अ‍ॅम्प्लिफायर कुठे, तर म्हणे लॅपटॉपच्या आत! जिथे पूर्वी ज्ञानकोश टेकवत, तिथे ही खेळणी.

तिचा मित्र मिहिर दर रविवारी येई. तो गिटार वाजवत नसे, गिटारविषयी बोलत असे.

"भिंतींना काहीतरी लाव गं. खोली रिकामी वाजते," तो म्हणाला.

म्हणून अंड्यांचे ट्रे आले. चिकटपट्टीने भिंतीला लावले. दुपारी एक सुटून श्यामकांतांच्या वर्तमानपत्रावर पडला. या ट्रेंनी आवाजाला काही म्हणजे काही फरक पडत नाही, हे मी लाकूड असून सांगू शकलो असतो.

खरी अडचण निराळीच होती. रेकॉर्डिंगमध्ये सतत एक गुंऽऽ असा आवाज येत होता.

"केबल भिकार आहे तुझी," मिहिर म्हणाला.

"परवाच घेतली ना नवीन!"

"मग तारांखालचे पिकअप गेलेत. नाहीतर डबी बदल. ही डबी घेऊन वाट लागणारच होती, यार."

"तू एकदा वाजवून दाखव ना रे, नुसता बदल बदल करतोस!"

दारात श्यामकांत घुटमळत होते. "मला यातलं कळत नाही," ते पुटपुटले, "पण तू तारांना हात लावलास की आवाज कमी होतो. आणि परवा वीज गेली होती, तेव्हा नव्हताच."

कोणी लक्ष दिले नाही. सवयीप्रमाणे ते आत गेले. मग काय वाटले कुणास ठाऊक, परत आले आणि लॅपटॉपच्या चार्जरची पिन बोर्डातून उपटली.

गुणगुण थांबली.

"आजोबा! झकास!" गंधाली ओरडली. मिहिरने हेडफोन काढून नीट पुसला, जणू दोष त्याचाच.

आता प्रश्न एवढाच की लॅपटॉपची बॅटरी म्हातारी, चाळीस मिनिटे टिकणारी. जे वाजवायचे ते तेवढ्यात. गंधाली घाईने तारांची पाकिटे ठेवायला जागा शोधू लागली आणि तिने मला ओढले. बऱ्याच वर्षांनी मी पूर्ण उघडलो. तिने सळईचा स्क्रू फिरवला, कार्डे बाहेर काढली. त्यांच्यामागे पत्र. तिने उभ्या उभ्या वाचले.

"आजोबा, हे सहा वर्षांपूर्वीचं आहे. उत्तर दिलंत?"

"मसुदे केले होते."

"किती?"

"चौदा."

"म्हणजे नाही."

श्यामकांत खुर्चीच्या कडेवर बसले. "कार्डावर काय लिहिलंय बघ ना. तसंच पाठवलं तर त्याचा अपमान. नवीन लिहून पाठवलं, तर मी पहिल्यापासून त्याचंच नाव लिहिलं होतं असं खोटं सांगितल्यासारखं."

"आणि काहीच पाठवलं नाही, तो काय मान झाला?"

या मुलीविषयी माझे मत त्या क्षणी थोडे बदलले. फार नाही.

तिने कार्डे ओळीने आमच्या डोक्यावर मांडली आणि सारेगमची अक्षरे वाचत वाचत वाजवू लागली. पाचव्या कार्डावर अडखळली. श्यामकांतांनी हातवारे करून ताल दाखवला, मग लाजून हात मांडीखाली घातले. चार वेळा चुकले, पाचव्यांदा अकरा कार्डे सलग झाली. ती मागच्या खोलीतली धून, जी कधी डासाहून मोठी झाली नव्हती, ती खोलीभर झाली. अंड्यांच्या ट्रेंसकट.

तिने रेकॉर्डिंग फोनवर घेतले आणि श्यामकांतांच्या हातात दिले. "ऐका." त्यांनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिले. गंधालीने नावाची जागा घाईत रिकामी ठेवली होती आणि फोनने ती आपल्या मनाने भरली होती. तिथे लिहिले होते, 'अज्ञात कलाकार'.

त्यांनी फोन कार्डांच्या शेजारी ठेवला.

"मला लाल पेन दे," ते म्हणाले.

ग्रंथालयात कार्डावरची चूक खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. वर बरोबर ते लिहायचे आणि शेजारी सही, तारीख. श्यामकांतांनी अकराही कार्डांवर 'अज्ञात' या शब्दावर एकेक रेघ मारली. वर लिहिले 'कुंडलिक सोनवणे'. अकरा सह्या केल्या. तारीख आजची घातली, तेव्हाची नाही. पत्र मात्र चारच ओळींचे.

'प्रिय कुंडलिकराव, कार्डे पाठवतो आहे. चूक माझी होती, ती तशीच दिसू दिली आहे. धून तुमची आहे; कोणाची, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते. सोबत पेनड्राइव्ह आहे, तेजलला ऐकवा.'

"फाडू नका आता," गंधाली म्हणाली.

"फाडत नाहीये. शुद्धलेखन बघतोय."

"ते त्यांना चालेल. द्या इकडे पाकीट."

"नाही," श्यामकांत म्हणाले. "मीच पोस्टात जातो."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू गयावया करतो, आम्हाला जपा म्हणून. मला नका जपू. फुगलेल्या लाकडात जपण्यासारखे काय आहे? मात्र घरातले खण कधीतरी पुरते उघडा. तिथे दुसऱ्याचे काही पडले असेल तर त्याला देऊन टाका, आणि त्याच्यावर त्याचे नाव आहे की नाही ते आधी बघा.

जालन्याचा पत्ता सहा वर्षे जुना आहे. तिथे कोण दार उघडेल, मला माहीत नाही. श्यामकांत तासाभराने पोस्टातून परतले, चप्पल न काढता माझ्यापाशी आले आणि रजिस्टर पोस्टाची पावती माझ्या रिकाम्या तळाशी ठेवली. पाकिटावरचे नाव तिच्यावर छापलेले होते, नियमाप्रमाणे.