काजव्याची चौकशी

ठकीच्या बाबांनी ‘पहारा’ नावाचं ॲप निवडलं ते एकाच कारणासाठी: ते आईबापांना मुलांचे मेसेज दाखवत नसे. मुलीच्या फोनमध्ये बसून सगळं वाचायचं ते स्वतः, आणि काही काळंबेरं दिसलं तरच घरच्यांना इशारा द्यायचं.

“तिचं तिला राहू दे की थोडं,” बाबा म्हणाले. “बारा वर्षांची घोडी झाली.”

“म्हणूनच,” आई म्हणाली.

आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. यंत्राने ठीक म्हटलेली नळीसुद्धा ती उजेडाकडे धरून पुन्हा बघायची. ठकीच्या बाबतीतही तिला यंत्राचा शब्द पुरेना. शाळेतून आल्यावर पोर दुपारभर घरी एकटी असायची आणि हल्ली विचारलं की “काही नाही” एवढंच बोलायची. तेव्हा आईने एक नवं खातं उघडलं. नाव काजवा, वय बारा, शाळा दुसरी, फोटोच्या जागी लॅबच्या मागच्या दाराशी येणारं मांजर.

ठकीला मांजर आवडलं. दोघींचं जमलं.

नळ्या मशीनमध्ये गरगरत असायच्या तेवढ्यात आई हातमोजे काढून काजवा व्हायची. तिला कळलं की रिले शर्यतीच्या सरावातल्या मुली ठकीला ‘गोगलगाय’ म्हणतात, डबा खाताना तिच्याकडे पाठ करून बसतात.

“आईला सांग ना,” काजव्याने लिहिलं.

“वेडी आहेस का? ती लगेच शाळेत फोन करते. मागच्या वेळी केला, तर सगळ्या आणखीच हसल्या. तू कुणाला सांगू नकोस हं.”

“नाही सांगणार. शप्पथ.”

त्या दिवसापासून आईचा जीव जास्तच खालीवर होऊ लागला आणि काजव्याचे प्रश्न वाढले. आत्ता घरी कोण आहे? एकटीच आहेस? दाराला आतून कडी लावलीस? आईबाबा किती वाजता येतात? रडलीस का, फोटो पाठव बघू.

गुरुवारी दुपारी ‘पहारा’ने तिघांच्याही फोनवर लाल पट्टी झळकवली. अनोळखी खात्याकडून धोकादायक चौकशी. मूल घरी एकटं आहे का, हे वारंवार विचारलं गेलं. फोटो मागितला गेला. समोरच्याचं वय खोटं असण्याची दाट शक्यता.

आईने ते वाचलं आणि हातातली नळी स्टँडमध्ये चुकीच्या खाचेत ठेवली. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

“वाचलंस? मी निघालोय. समोरच्या काकूंना पाठवलंय तिच्याजवळ. तू पण नीघ.”

“अहो, ऐका तर—”

फोन ठेवलेला होता.

आई घरी पोचली तेव्हा काकू दारातच खुर्ची टाकून, छत्री आडवी धरून बसल्या होत्या. “येऊ दे मेल्याला,” त्या म्हणाल्या. “याच छत्रीने सरळ करते.” आत ठकी पाय पोटाशी घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसली होती. बाबा खिडकीची खिटी लावून बघत होते.

“पोलिसांत जायचं,” बाबा म्हणाले. “कुणीतरी पन्नाशीचा बाप्या असणार बघ. मांजराचा फोटो लावून बसलाय, निर्लज्ज.”

“त्याला सगळं माहितीये,” ठकी म्हणाली. “मी एकटी कधी असते ते पण. बाबा, मी उद्यापासून घरी एकटी नाही थांबणार. शाळेत पण नाही जाणार. तो बाहेर उभा असेल.”

आईने पर्स टेबलावर ठेवली. नुसतं गप्प राहायचं म्हटलं असतं, तर त्या खात्याचा तपास कदाचित कुठेच पोचला नसता. फक्त पोर खिडक्या तपासत मोठी झाली असती.

“पन्नाशीचा नाहीये,” ती म्हणाली. “चौतिशीची आहे. मीच आहे.”

काकूंनी छत्री हळूच खाली केली. “दूध तापत ठेवून आलेय गं मी,” असं म्हणत त्या आपली खुर्ची उचलून निघून गेल्या.

बाबांनी खिटीवरचा हात काढला. ठकीने आधी विश्वासच ठेवला नाही. आईने काजव्याचं खातं उघडून फोन तिच्या हातात दिला. तिने वर सरकवत सरकवत सगळं वाचलं, स्वतःचंच.

“शाळेत फोन करणार आहेस?”

“नाही.”

“काजवा पण असंच म्हणाली होती.”

“तिने केला नाही ना?”

ठकीने आईचा फोन परत दिला. स्वतःच्या फोनवर काजव्याला ब्लॉक केलं आणि आतल्या खोलीत गेली. रात्री ती आईशी बोलली नाही, सकाळीही नाही. बुटाची नाडी बांधताना मात्र मान खाली घालूनच म्हणाली, “आज रिलेची निवड आहे. तू येऊ नकोस.”

“बरं.”

“आल्यावर सांगेन. सगळं नाही सांगणार.”

“बरं,” आई म्हणाली, आणि तोंडाशी आलेले तीन प्रश्न गिळून तिने दार उघडलं.