डाव्या चाकाजवळचा थेंब

मित्रांनो, मला जुनं म्हणा, चालेल. म्हातारं म्हणा, तेही चालेल. पण मोडकं म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे! मी एक विमान आहे, सत्तावीस वर्षं आकाशात काढलेलं. सुट्टीवर निघालेल्या माणसांना समुद्राकाठी नेऊन सोडायचं आणि आठवड्याने परत आणायचं, एवढाच माझा जन्मभराचा उद्योग. पण काय सांगू, फार मजेचा उद्योग!

माझा जन्म एका भल्यामोठ्या शेडमध्ये झाला. तिच्या एका टोकाला कुणी हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जायची नाही. कुणी माझे पंख जोडले, कुणी माझ्या पोटात तारांची भेंडोळी ओवली. एक बाई माझ्या अंगावर पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायच्या. प्रत्येक रिव्हेट ठोकून झाला की त्याच्यावरून त्या अंगठा फिरवायच्या. कुठे जरा खरखर लागली की तो काढून पुन्हा ठोकायच्या. बाकीचे हसायचे, "अहो, कोण बघतंय?" त्या म्हणायच्या, "माझा अंगठा बघतोय ना!" त्या अंगठ्याचा स्पर्श मी अजून विसरलेलो नाही.

मग मी आमच्या सुट्टीवाल्या कंपनीत आलो. जाताना माझ्यात बसणारी माणसं कशी असतात सांगू? थकलेली, गप्प, सारखी घड्याळ बघणारी. तीच माणसं आठवड्याने परत येतात तेव्हा ओळखू येत नाहीत. नाकाची सालं निघालेली, डोक्यावर भलीमोठी टोपी, पिशवीत शंखशिंपले आणि तोंडाचा पट्टा चालू! टोप्या वरच्या कप्प्यात मावत नाहीत म्हणून भांडणं व्हायची आणि उतरेपर्यंत त्याच भांडणाऱ्यांची मैत्री झालेली असायची. माझ्या गालिच्यातली वाळू कधीच पूर्ण निघाली नाही. झाडणारे वैतागायचे. मला मात्र ती वाळू आवडायची.

कंपनीत एकूण बारा विमानं. त्यांत मी सगळ्यांत जुना, म्हणून हँगरमधले, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडमधले, सगळे मला 'आजोबा' म्हणायचे. हे नाव ठेवलं ते आमच्या मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे आमचे मुख्य मेकॅनिक. बुटके, बोलायला कमी, खिशात कायम एक स्वच्छ पांढरं फडकं. ते नोकरीला लागले त्याच वर्षी मी कंपनीत आलो, त्यामुळे आम्ही दोघं बरोबरीनेच पिकलो म्हणा ना.

मिस्त्रींना एकच मुलगी. तिची आई लवकर गेली, म्हणून शाळेला सुट्टी असली की मिस्त्री तिला हँगरमध्ये घेऊन यायचे. पोरगी एका जागी बसेल तर शपथ! सरसर माझ्या शिडीवर चढायची, सरसर उतरायची. म्हणून तिचं नाव पडलं खारू. सातव्या रांगेतली खिडकीची सीट तिची. तिथे बसून गृहपाठ करायची आणि अडलं की मोठ्याने ओरडायची, "बाबा, सात आठे किती?" आणि माझ्या पोटाखालून उत्तर यायचं, "छप्पन्न! आणि खाली उतर, हवा भरायचीय!" या पोरीला मी डोळ्यांदेखत मोठी होताना पाहिलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा हँगरमध्ये पेढे वाटले गेले आणि एक पेढा मिस्त्रींनी माझ्या पुढच्या चाकाजवळ ठेवला. तो मुंग्यांनी खाल्ला, पण मान माझा झाला.

मग नवी विमानं आली. कमी आवाज करणारी, कमी इंधन पिणारी, चकचकीत. मी कोपऱ्यात गेलो. अडीअडचणीला राखीव, असं म्हणायचे, पण अडचण आली तरी माझी आठवण कुणाला येईना. आणि एक दिवस ठरलं, येत्या सोमवारी मला निरोप द्यायचा. माझे सुटे भागसुद्धा खोक्यांत भरून, खिळे ठोकून तयार झाले.

आता गंमत ऐका. कंपनीच्या मोठ्या खोलीत एक बाई बसतात. कुठलं विमान कुठे जाईल, कोण चालवेल, हे सगळं त्या ठरवतात. सगळे त्यांना कंट्रोलमावशी म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा! त्यांच्या भिंतीवर एक लोखंडी फळा आहे. प्रत्येक विमानाच्या नावाची एक पत्र्याची पट्टी, मागे लोहचुंबक. विमान जिथे जाईल तिथे पट्टी सरकवायची. कॉम्प्युटर आले तरी मावशींनी फळा काढू दिला नाही. पण माझा सोमवार ठरला तसा एका उत्साही कारकुनाने त्याच्या आधीच्या मंगळवारीच माझं नाव कॉम्प्युटरमधून काढून टाकलं. "जाणारच आहे तो, मग आजच आवरून टाकू," एवढाच त्याचा विचार. मावशींनीही माझी पट्टी फळ्यावरून काढली. फेकवेना, म्हणून साखरेच्या डब्याच्या कपाटाला लावून ठेवली.

आणि बुधवारी धुकं पडलं. असं दाट की हँगरच्या दारातून मला समोरची कुंपणाची जाळी दिसेना. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, एकही विमान उठलं नाही, एकही उतरलं नाही. आमची नवी अकरा विमानं अकरा ठिकाणी अडकली. शनिवारी सकाळी ऊन पडलं, पण घोळ काही मिटेना. विमान एकीकडे, वैमानिक दुसरीकडे आणि प्रवासी तिसरीकडेच! मावशींचे दोन्ही फोन एकदम वाजत होते आणि त्या एकाला "थांबा", दुसऱ्याला "बोला" म्हणत होत्या.

सगळ्यांत लांबचं होतं एक छोटं बेट. तिथे आमचे एकशे शहात्तर प्रवासी अडकले होते. त्यांचा नंबर लागत होता रविवारी दुपारी. आणि त्या एकशे शहात्तरांत होती आमची खारू!

खारू गरोदर होती, मित्रांनो. बाळ यायच्या आधी नवऱ्याबरोबर चार दिवस समुद्र बघून यावा म्हणून गेली होती. बुधवारी परत यायची. आमच्याकडे नियम असा की दिवस भरत आले की विमानात घेत नाहीत. तिच्याजवळ डॉक्टरांची चिठ्ठी होती, पण ती शनिवारपर्यंतचीच. रविवारी तिला कुणीच विमानात घेतलं नसतं. मग बाळ होईपर्यंत त्या बेटावर राहायचं, जिथे एक छोटा दवाखाना आणि एक परिचारिका. जावयाने फोनवर हे सांगितलं तेव्हा मिस्त्री माझ्या पंखाखालीच उभे होते. "बघू," एवढंच म्हणाले आणि फडक्याने पुसलेलाच पाना पुन्हा पुसत बसले.

मी तिथेच उभा होतो! धडधाकट, कागदपत्रं सोमवारपर्यंत चालू! मला वाटत होतं ओरडून सांगावं, अहो, मी आहे ना! पण विमानाला कंठ कुठला? आणि मिस्त्रींचं म्हणाल तर त्यांना वाटलं, वरच्यांनी विचार करूनच मला वगळलं असणार. आपण सुचवलं तर लोक म्हणतील, पोरीसाठी धडपडतोय. भिडस्त माणूस!

अकरा वाजता कंट्रोलमावशी चहा करायला उठल्या. साखरेचा डबा काढायला कपाटापाशी गेल्या आणि तिथे माझी पट्टी. हे सगळं मला नंतर कळलं, कारण हँगरमधल्या गप्पा चहाच्या वेळी माझ्या पोटाखालीच रंगतात. मावशींनी म्हणे कपाळावर हात मारला. "अगं बाई! आजोबा! घरात माणूस बसलंय आणि आम्ही गावभर शोधतोय!" चहा तसाच राहिला. त्यांनी मिस्त्रींना फोन लावला.

"मिस्त्री, आजोबा उडेल का?"

मिस्त्री म्हणाले, "तपासून सांगतो. पण मावशी, आधीच सांगतो, त्या बेटावर माझी मुलगी आहे. माझ्या सहीवर उद्या कुणी बोट ठेवायला नको. तुम्ही दुसऱ्या कुणाला तपासायला लावा."

"आजोबाला तुमच्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी आहे?"

"नाही."

"मग लागा कामाला! आणि त्या बेटावर धावपट्टीला दिवे नाहीत, सव्वासहाला सूर्य मावळतो. तीनच्या आत निघायला हवं."

अहाहा! काय धावपळ उडाली म्हणून सांगू! कुणी माझ्या काचा पुसतंय, कुणी इंधनाची नळी ओढतंय. कॅप्टन मॅडम आल्या. तरुणपणी त्यांनी पहिलं उड्डाण माझ्यावरच केलं होतं. आत आल्या आणि म्हणाल्या, "काय आजोबा, गुडघे ठीक आहेत ना?" मला इतका आनंद झाला की माझे सगळे दिवे एका बटणात लागले. एरवी दोन दिवे रुसायचे.

पण गुडघ्यांचंच निघालं. मिस्त्रींनी माझ्या डाव्या चाकाजवळ वाकून ब्रेकच्या नळीवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. एक थेंब. ब्रेकच्या तेलाचा, मोहरीएवढा.

त्यांनी तो फडक्याने पुसला आणि घड्याळ लावून बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाव तासाने पुन्हा थेंब. घड्याळात साडेबारा वाजले होते. तो थेंब दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता. पुसून खिशात फडकं घातलं असतं तर कुणाला कळणार होतं? लेक तिकडे वाट बघत होती.

मिस्त्री उठले आणि मोठ्याने म्हणाले, "वॉशर बदलायचा आहे. खोकी फोडा."

"अहो, खोक्यांवर काय आहे ते लिहिलेलंच नाही!" कुणीतरी ओरडलं.

"मग सगळी फोडा."

चौदा खोकी होती. पहिल्यात खुर्च्यांचे पट्टे, दुसऱ्यात चहाच्या किटल्या, तिसऱ्यात पुन्हा खुर्च्यांचे पट्टे. एकात तर खारूची जुनी पाढ्यांची वही निघाली! मावशी दर दहा मिनिटांनी फोन करत होत्या. वॉशर सापडला तेराव्या खोक्यात. मिस्त्रींनी तो बसवला, अंगठा फिरवला आणि पुन्हा घड्याळ लावून बसले. कॅप्टन मॅडम शिडीवरून खाली बघत होत्या, पण त्यांनी एकदाही "झालं का?" विचारलं नाही. पाव तास झाला. अर्धा तास झाला. नळी कोरडी. मिस्त्रींनी सही केली आणि हत्यारांची पेटी घेऊन स्वतःही आत चढले, कारण बेटावर मेकॅनिक नाही. दोन पन्नासला मी जमीन सोडली.

चार महिन्यांनी उडत होतो, मित्रांनो! धुक्यानंतरचं ते धुतलेलं आकाश आणि खाली समुद्र. नवी विमानं अकरा ठिकाणी अडकलेली आणि म्हातारबुवा निघाले रुबाबात!

पाच वाजून दहा मिनिटांनी बेटावर टेकलो तेव्हा कुंपणापलीकडे एकशे शहात्तर माणसं टाळ्या पिटत होती. माझं एवढं कौतुक नवा होतो तेव्हासुद्धा झालं नव्हतं. गर्दीतून आवाज आला, "बाबा!" खारू पोटावर हात ठेवून उभी होती. मिस्त्री शिडी उतरले, तिच्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. थांब जरा. आणि वळून माझ्या डाव्या चाकापाशी वाकले.

शेजारच्या एक बाई खारूला म्हणाल्या, "अगं, हे काय! आधी लेकीला भेटायचं की चाकाला?"

खारू हसायला लागली. "चाकालाच! मी लहानपणापासून दुसराच नंबर आहे."

बोट फिरलं. बोट कोरडं. मग मात्र मिस्त्री धावले, मित्रांनो. एवढी वर्षं मी त्यांना ओळखतो, पण धावताना पहिल्यांदाच पाहिलं.

दारावरच्या कर्मचाऱ्याने चिठ्ठी दोनदा वाचली. "तारीख आजचीच आहे."

"आणि आजच निघतोय," कॅप्टन मॅडम वरून म्हणाल्या.

ज्या शिडीवर ती सरसर चढायची, त्याच शिडीवर खारू एकेक पायरी चढली. कठड्याला धरून, धापा टाकत. सातव्या रांगेत खिडकीपाशी जाऊन बसली. तिच्या नवऱ्याचं तिकीट मागच्या रांगेतलं होतं, पण शेजारच्यांनी आपणहून जागा सोडली. सूर्य समुद्राला टेकायच्या आत आम्ही हवेत होतो. परतीच्या वाटेवर माणसं गात होती आणि टोप्यांवरून एकही भांडण झालं नाही.

घरी उतरल्यावर कॅप्टन मॅडमनी माझ्या नोंदवहीत लिहिलं, 'दोष काही नाही. प्रवासी एकशे शहात्तर आणि एक तिकीट न काढलेला.' खाली मिस्त्रींची सही. माझ्या वहीतलं ते शेवटचं पान.

हो, सोमवार आलाच. तो थोडाच टळतो! पण मला भंगारात नाही काढलं. मेकॅनिक घडवणाऱ्या शाळेच्या अंगणात आता माझा मुक्काम आहे. दिवसभर विद्यार्थी माझ्या अंगाखांद्यावर असतात, गुदगुल्या होतात नुसत्या. मिस्त्री निवृत्त झाले आणि इथे शिकवायला येतात. पहिल्याच दिवशी ते वर्गाला माझी नोंदवही उघडून एक ओळ वाचायला लावतात, 'डाव्या चाकाजवळ एक थेंब. वॉशर बदलला. नंतर थेंब नाही.' मग एवढंच विचारतात, "मी तो नुसता पुसला असता तर?"

मित्रांनो, तुमची सायकल असेल, घरातला पंखा असेल, आजीचा चष्मा असेल. जुनं झालं म्हणून यादीतून काढायची घाई करू नका. आठवड्यातून एकदा वाकून बघा, बोट फिरवा, दुखतंय का विचारा. आम्ही बोलत नाही, पण वेळेला धावून येतो.

गेल्या रविवारी खारू तिच्या मुलीला घेऊन आली होती. चार वर्षांची आहे, सरसर शिडी चढते, कुणावर गेली ते सांगायला नको. सातव्या रांगेत जाऊन विचारू लागली, "आई इथे बसली होती, मग मी कुठे बसले होते?"

"तूही इथेच," मिस्त्री म्हणाले. "फुकट!"

ती खिदळत खाली उतरली. आणि कुणी न सांगता माझ्या डाव्या चाकाजवळ जाऊन बसली, नळीवरून इवलंसं बोट फिरवलं, उन्हात धरून नीट बघितलं आणि ओरडली, "आजोबा, कोरडं आहे!"

आम्ही दोघांनीही ऐकलं.