एका खड्याला एक अक्षर

“चहात साखर टाकायचं ध्यान नाय, आन् जपानी शिकाया निघाली,” गारगोट्या पुसता पुसता म्हाळसाबाई पुटपुटली. पुटपुटणं असं, की शेजारी बसलेल्या सुनेला एकूण एक शब्द ऐकू जावा.

सुनेनं, बानाबाईनं, ऐकलं नाही. वीस वर्षांत तिनं न ऐकणं चांगलं कमावलं होतं. फर्दापूरला लेण्यांच्या गाड्या थांबतात तिथं दोघींचं रंगीत खड्यांचं दुकान. दुकान म्हणजे चार बांबू आणि एक ताडपत्री; एकमेकींपासून लांब बसावं म्हटलं तरी जागा नाही. पोर झालं नाही तेव्हापासून म्हाळसाबाईचं एकच पालुपद: “माझ्या लेकात खोट नव्हती. जमीनच खडकाची निघाली.”

लेक त्रिंबक, लेण्यांवरचा गाइड, ऐन चाळिशीत काविळीनं गेला. तेराव्यानंतर बानाबाईनं त्याची पेटी उपसली, तर सदऱ्यांच्या तळाशी जपानी टपालतिकिटं लावलेली सात पाकिटं. दर सालचं एक. त्रिंबकच्या जोडीचा गाइड सांडू, त्याला जपानी येई. त्यानं एक चिठ्ठी उघडली आणि तशीच मिटली.

“नव्या सालाचा रामराम हाय, वहिनी. जुनी गिऱ्हाइकं धाडत्यात.”

“रामरामाला दोन पानं?”

“ती माणसं लई अदबीची.”

तिनं पुन्हा कुणाला विचारलं नाही. नवऱ्याची चिठ्ठी परक्याच्या हातात द्यायची नव्हती, आणि दिली तरी परका अर्थ सांगणार कोणत्या भाषेत? अक्षराचा आवाज मात्र कुणीही सांगू शकतं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं पुरलं. चिठ्ठीतलं एकेक अक्षर तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशानं गिरवलं. जपानी बाई खडे निवडायला वाकली, की बानाबाई पान पुढं धरी. बोटानं आधी अक्षर दाखवी, मग त्या बाईचे ओठ. आवाज आला की लगेच खाली मराठीत लिही, आणि वर एक खडा फुकट देई.

“आमच्या वहिनी टोकियोला सोयरीक बघायल्यात,” सांडू बाकीच्या गाइडांना सांगे. हसणं ताडपत्रीपर्यंत येई.

तिला त्या हसण्याचं काही वाटत नव्हतं. पहिल्या चिठ्ठीतली अक्षरं मोठी, वाकडी. सातवीतली नीट ओळीत बसलेली. लिहिणारं माणूस आपल्यासारखंच नवशिकं असावं, असं तिला वाटे. त्या माणसाचा तिला लळाच लागला होता. एखाद्या दुपारी त्याचं एखादं अक्षर आपल्यापेक्षा वाकडं निघालं, तर तिला बरं वाटे.

दुसरा हिवाळा सरता सरता, सातही चिठ्ठ्यांच्या सुरुवातीला असलेल्या शब्दातलं उरलेलं एक अक्षर सापडलं. सांडू बाकावर चहा पीत होता.

“भाऊजी, ओ-तो-उ-सा-न म्हंजी काय?”

सांडूचा कप तोंडाशीच राहिला. “नाव असंल कुणाचं.”

“ह्यांचं नाव तर त्रिंबक. मग समद्या चिठ्ठ्या ह्याच नावानं कशा?”

“गाडी आली वाटतं,” सांडू उठला. रस्त्यावर गाडी नव्हती. अर्धा चहा तसाच ठेवून तो चालू लागला.

बानाबाईनं सासूकडं पाहिलं. म्हाळसाबाई एकच खडा केव्हाची पुसत होती.

“आत्या, तुमाला ठावं हाय?”

“मला काय वाचता येतंय?”

“वाचायचं नाय इचारलं.”

म्हाळसाबाईनं खडा ताटात ठेवला. त्याच्या शेजारचा सरळ केला.

“सांडूनं पैली चिठ्ठी आली तवाच मला वाचून दावली. त्रिंबकनं शपथ घातली म्हून गप ऱ्हायले.” मग ती सुनेकडं वळली, सावकाश, वर्षानुवर्षं राखून ठेवलेलं काढावं तशी. “बाप म्हणतीया ती त्याला. पोरगी हाय तिकडं माझ्या लेकाची. आता तरी कळलं का, खोट कुणात हुती?”