बशीएवढी जागा

"मी पाव कुठे मळायचा आता? तुझ्या डोक्यावर?"

माझ्या नवऱ्याने, तौनोने, मान वर केली नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची रायफल सुटी होऊन पडली होती. लोखंड एकीकडे, प्लास्टिकचा दस्ता दुसरीकडे, आणि माझी पाव मळायची फळी खाली जमिनीवर. एका काठीला पॉलिश पेपर गुंडाळून तो दस्त्यातली खाच घासत बसला होता. वेलदोडा घातलेलं पावाचं पीठ भिजवून मी त्याच्या उरावर उभी, पण याला काही आहे का त्याचं?

"नळी टेकतेय दस्त्याला," तो म्हणाला. "इथे, डाव्या अंगाला. गोळी सुटताना नळी थरथरते ना, सायमा, तेव्हा ती कुठेच टेकता कामा नये. मोकळी पाहिजे."

"नळी मोकळी पाहिजे म्हणे! माझं टेबल मोकळं कर आधी."

त्याने दस्ता बसवला, खिशातून एक डॉलरची नोट काढली आणि नळी नि दस्त्याच्या मधल्या फटीत सरकवली. निम्म्यावर ती अडली. त्याने सुस्कारा सोडला आणि पुन्हा सगळं उघडलं. मी पीठ घेऊन मुकाट्याने ओट्याच्या कोपऱ्यावर गेले. चिडले होते, पण त्याला थांबव म्हणायची माझी छाती नव्हती. का, ते सांगते.

आमच्या भागात, सुपीरियर सरोवराच्या या काठाला, नोव्हेंबरात हरणाची शिकार उघडली की घरात पुरुष दिसत नाही. तौनो निवृत्त होईपर्यंत सरकारी गाडीने रस्त्यावरचा बर्फ काढायचा. शाळेच्या बसच्या आधी रस्ता मोकळा व्हायचा, तो कोण करतो याची कोणाला फिकीर नव्हती. उशीर झाला की मात्र फोन यायचे. वर्षातला एक आठवडा काय तो त्याचा स्वतःचा. त्या आठवड्यात तो त्याच्या मित्राच्या, रूडी पेर्कोविचच्या, कॅम्पवर जायचा. कॅम्प म्हणजे जंगलातलं एक लाकडी खोपट, शेजारी सौना, म्हणजे कपडे उतरवून वाफ घ्यायची खोली, आणि चार-पाच म्हातारे, जे घरी कपबशी विसळत नाहीत आणि तिथे भांडी घासतात.

त्याच्या वडिलांची चांगली रायफल थोरल्या भावाकडे गेली. हक्क याचाही होता, पण भांडायची वेळ आली की याच्या तोंडात मिठाची गुळणी. मग यानं सवलतीच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त मिळाली ती घेतली. बोल्ट ओढला की कुलूप उघडल्यासारखा आवाज, दस्ता पोकळ, हातात धरली तर खेळण्यातली वाटावी अशी. रूडी तिला 'तौनोचा पाण्याचा नळ' म्हणायचा. पण त्याच रायफलीने तौनोने वर्षानुवर्षं घरात मटण आणलं, त्यामुळे तो नुसता हसायचा.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्याचे नेम चुकायला लागले. कॅम्पवर रीत अशी की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा भाग कापायचा आणि खिळ्याने भिंतीवर ठोकायचा. तौनोचे दोन चांगले लोकरीचे शर्ट तसे गेले. घरी येऊन तोच रंगवून सांगायचा, आणि मी नव्या कापडाचं ठिगळ लावत त्याला शिव्या घालायची. इथवर सगळं गमतीचं होतं.

गेल्या वर्षी मात्र गोळी लागली. लागली, पण नको तिथे. हरीण कोलमडलं, उठलं, आणि सीडरच्या झाडांतल्या दलदलीत शिरलं. तौनो अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. गुडघ्यांवर रांगत, पान न् पान उलटत शोधलं म्हणे. सापडलं नाही. त्या संध्याकाळी कॅम्पवर कोणी कात्री काढली नाही. घरी आल्यावर त्याने बूट काढले आणि तसाच बसून राहिला.

"ते कुठेतरी पडून असेल, सायमा," एवढंच म्हणाला. "जिवंतही असेल अजून."

मग त्याने ठरवलं. शंभर वारांवरून तीन गोळ्या बशीएवढ्या जागेत बसल्या तरच पुढच्या मोसमात रायफल न्यायची. नाहीतर जायचंच नाही. त्याने शपथ वगैरे घेतली नाही, पण मी ओळखते माझ्या माणसाला. त्याच्याकडून तो आठवडा गेला असता, तर त्याच्याजवळ उरलं काय असतं? खिडकी, आणि मी.

म्हणून उन्हाळा संपल्यापासून माझं टेबल गेलं. नळी मोकळी झाली. नोट या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन जायला लागली, त्या दिवशी त्याने ती मला तीन वेळा करून दाखवली. मग लोखंड दस्त्यात जिथे बसतं तिथे त्याने दोन ट्यूबांतून काढून मिसळलेला घट्ट गोंद भरला, चिकटू नये म्हणून लोखंडाला बुटाचं पॉलिश चोपडलं, आणि रात्रभर ते सगळं माझ्या खिडकीत वाळत ठेवलं. सकाळी लोखंड सुटेना. मग काय, मी भट्टीत पाव ढकलतेय आणि हा बाजूला रायफलीला लाकडी हातोड्याने चुचकारतोय.

"निघ ग बाई, निघ," तिला म्हणत होता. मला आयुष्यात कधी इतक्या लाडाने म्हणाला नाही.

ती निघाली. आत गोंदाचा ठसा असा गुळगुळीत उठला होता की मलाही कौतुक वाटलं. मग रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू झाले, चाप हलका झाला, नळीत गोळ्यांचं साचलेलं तांबं घासून घासून निघालं, चार कंपन्यांच्या गोळ्या आणून झाल्या. दर शनिवारी तो खडीच्या जुन्या खाणीत जायचा आणि कागद घेऊन परत यायचा. एका कागदावरची भोकं जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पसरलेली, दुसऱ्यावरची परातीएवढ्या. कागद तो माझ्यापुढे धरत नसे, पण भट्टी पेटवायला ते माझ्याच हाती यायचे.

आता तुम्ही म्हणाल, रूडीला का नाही दिली एकदा मारून बघायला? दुसऱ्या कोणी मारली असती तर दोष कोणाचा ते एका दुपारात कळलं असतं. पण आमच्याकडे दुसऱ्याच्या रायफलीने गोळी मारायची नसते. हात लावायचा, वाखाणायची, परत द्यायची. चाप ओढला की मालकाचं नशीब त्यातून निघून जातं, असं माझे वडील सांगायचे, तौनोचे सांगायचे, आणि रूडीचे, जे क्रोएशियातून आले होते, तेही दोन वर्षांत तेच सांगायला लागले. तौनोने विचारलं असतं तरी रूडीने कानावर हात ठेवले असते.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी मीच म्हटलं, मी येते. थर्मासमध्ये कॉफी घेतली आणि गाडी मी चालवली. खाणीचा कच्चा रस्ता सोडला, तर हल्ली मीच चालवायची. त्याची कंबर दुखते म्हणाला होता.

वारा अजिबात नव्हता. त्याने गाडीच्या टपावर वाळूच्या पिशव्या मांडल्या, रायफल त्यांवर टेकवली, गाल लावला. किती वेळ गेला! मान जरा इकडे, जरा तिकडे. मग गोळी. पुन्हा तेच. तीन झाल्यावर आम्ही दोघं चालत कागदापर्यंत गेलो. एक वरती, एक खाली कोपऱ्यात, तिसरी कागदालाच लागली नव्हती.

परत येऊन तौनो गाडीच्या दारात बसला, पाय बाहेर सोडून.

"आता काय करू तिचं?" तो म्हणाला. "सगळं केलं, ग. करण्यासारखं काहीच राहिलं नाही."

मला ते बघवेना. "सरक," मी म्हटलं. "मला मारू दे."

"नको. दुसऱ्याची रायफल—"

"दुसऱ्याची? तुझे मोजे धुण्यात माझा जन्म गेला, आणि रायफल तेवढी दुसऱ्याची काय?"

त्याला हसू आलं. तेवढ्यात मी रायफलीला गाल लावला होता. लहानपणी मी वडिलांबरोबर जायची, मुलं झाल्यावर सुटलं. पण हाताला आठवण असते. नव्या कागदावर मी तीन गोळ्या मारल्या. चाप असा हलका, की पहिली केव्हा सुटली ते मलाच कळलं नाही.

पुन्हा दोघं चालत गेलो. तिन्ही भोकं एकमेकांना लागून होती. बशी कशाला, कपाच्या बुडाखाली झाकली असती.

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. "बघ! बघ तुझी रायफल!" मी ओरडले. आणि मग मी त्याच्याकडे पाहिलं. तो कागदाला जवळजवळ नाक लावून उभा होता, मान तिरकी करून, कोंबडी दाणा बघते तशी. मग त्याने बोट पुढे केलं आणि भोकं चाचपली. एक, दोन, तीन. तेव्हा मला कळलं. माझा हात कलम झाला असता तर बरं, असं वाटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बर्फ वितळल्यापासून बरंच वाढलंय. त्याआधीही होतं थोडं." तो कागदाकडेच बघत होता. "सरळ बघितलं की मधलं जातं. कडेचं सगळं दिसतं. दुर्बिणीतली फुली असते ना, तिचे चारही पाय दिसतात, सायमा. मधोमध काही नसतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, दुरुस्त होणारं नाही." त्याने कागद काढून घडी घातली. "रायफलीत दोष असता तर काढता आला असता ना. वाटलं, निदान थोडा तरी तिचा असेल."

मी रडले. खाणीत, भर दुपारी, शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालून. त्याने माझ्या पाठीवर थोपटलं, जसं काही दुःख माझंच होतं. थर्मासमधली कॉफी तशीच घरी परत आली.

दोन दिवसांनी रूडी आला. दारातूनच गरजला, "काय रे, नळाला पाणी आलं का?"

"आलं," तौनो म्हणाला. "एकदम सरळ धार. बस, तुला सांगायचंय काहीतरी." आणि त्याने सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. आडपडदा न ठेवता, रस्ता कुठे बंद आहे ते सांगावं तसं. रूडी टोपी हातात फिरवत राहिला.

"मग यंदा तू..." तो म्हणाला.

"मी येणार. रायफल ही चालवेल, मी शेजारी बसेन."

रूडीने माझ्याकडे पाहिलं. "कॅम्पवर बाई? आणि सौनाचं काय, तौनो? आम्ही तिथे कसे असतो, तुला माहीत आहे!"

"टॉवेल गुंडाळा," मी म्हटलं. "तुमच्यातल्या एकाचंही बघण्यासारखं काही उरलेलं नाही."

रूडी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग नाक शिंकरून, बराच वेळ शिंकरून, म्हणाला, "त्या मटण भरलेल्या पास्ट्या जास्त कर. मागच्या वेळच्या कमी पडल्या." म्हणजे जमलं.

पहिल्या सकाळी आम्ही पाइनच्या फांद्यांच्या आडोशाला बसलो. रात्री नवा बर्फ पडला होता. तौनो माझ्या डावीकडे, हात मांडीवर ठेवून. जंगलात त्याला मी रिकाम्या हाताने कधी पाहिला नव्हता. उजाडलं, चिकॅडी पक्षी बोलायला लागले, माझे पाय गारठले. आणि मग त्याने माझ्या गुडघ्याला बोट लावलं.

"डावीकडून," तो नुसत्या ओठांनी म्हणाला. "एकटा. जड आहे."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बऱ्याच वेळाने झुडपं हलली आणि नर बाहेर आला. मान माजाने फुगली होती, शिंगांना बर्फ लागला होता. मी रायफल उचलली. माझं काळीज असं धडधडत होतं की फुली नाचत होती.

"घाई नको," तौनो कुजबुजला. "श्वास सोड. त्याला वळू दे."

तो वळला. फुली थांबली. मी चाप ओढला.

आवाज विरेपर्यंत मी डोळा दुर्बिणीतून काढला नाही. मग तौनोकडे पाहिलं. तो झुडपांकडे बघत होता, जिथे आता काहीच नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"गेला?" त्याने विचारलं. "दलदलीकडे गेला का?"

"नाही रे. उभा होता तिथेच पडलाय."

"नक्की? नीट बघ, सायमा."

"बघतेय. पायसुद्धा झाडत नाहीये."

त्याने डोळे मिटले आणि श्वास सोडला, खोल, खूप दिवस कोंडून ठेवलेला. मग तो उठला, सवयीने दोन पावलं पुढे गेला, आणि थांबला. बर्फाखाली ओंडके होते, खड्डे होते. सगळं पांढरं.

"तू हो पुढे," तो म्हणाला.

मी पुढे झाले. चालता चालता, वळून न बघता, हात मागे केला. त्याने तो धरला.