अर्धीच शिफारस

"तूच म्हणालीस ना, 'मावशी, खरं काय ते सांगा'? सांगितलं मी. आता बघ!" कोथिंबिरीवर ओलं पोतं टाकत भागीबाई म्हणाली.

माजिदानं मैदानावरून नजर फिरवली. पंचवटीच्या गल्लीत बसणाऱ्या भाजीवाल्या बायका आता शहराबाहेरच्या मैदानात बसल्या होत्या. सावली नाही, पाणी नाही, गिऱ्हाईक तर नाहीच.

माजिदा विद्यापीठाच्या धोरण अभ्यास केंद्रात पाहणीचं काम करायची. अभ्यास करून सरकारला सल्ला द्यायचा, हे केंद्राचं काम. गल्लीत रिक्षा अंगावर येतात, बायकांना आडोसा नाही, हे भागीबाईनंच तिला सांगितलं होतं. त्यावरून केंद्रानं सुचवलं, नव्या जागी आधी छप्पर, पाणी, संडास, बस. मगच बाजार हलवा. अधिकाऱ्यांनी नुसता बाजार हलवला आणि विद्यापीठाचं नाव पुढे केलं.

माजिदा तडक केंद्रप्रमुख स्नेहल मॅडमकडे गेली. "मॅडम, आपण असं सांगितलंच नव्हतं. जाहीर बोलायला हवं."

"आपण सल्ला देतो, माजिदा. निर्णय त्यांचा."

"पण शिव्या आपल्या नावानं पडतात."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्यांना दुखावलं तर उद्या आपलं ऐकणार कोण?"

"आज तरी कुठं ऐकलं?"

त्या आठवड्यात विद्यापीठात चर्चासत्र होतं. बाजार अभ्यासपूर्वक हलवल्याचं एका अधिकाऱ्यानं अभिमानानं सांगितलं. टाळ्या वाजल्या. माजिदा उठायच्या बेतात होती, तोच मॅडम उभ्या राहिल्या. "आमची शिफारस अशी नव्हती," म्हणाल्या आणि सगळं सांगितलं.

"विचार करू," अधिकारी म्हणाले. पुढच्या पाहणीचं काम मात्र दुसऱ्या संस्थेला गेलं. मैदानात काहीच आलं नाही.

माजिदा पुन्हा मैदानात गेली, तर भागीबाईची जागा रिकामी. ती पंचवटीत दारोदार फिरते, असं शेजारणीनं सांगितलं. एका जिन्याच्या पायथ्याशी ती सापडली, गुडघे चोळत बसलेली.

"मावशी, आमच्या मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या. खरं ते सांगितलं."

"बरं केलं बाई." भागीबाई भिंतीला धरून उठली. "लय गुडघं दुखत्यात. जरा हात लाव."

माजिदानं टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. भागीबाईनं मान ताठ केली, टोपलीखालची चुंबळ सारखी केली आणि पुढच्या दाराशी जाऊन हाक दिली, "वांगी घ्या, ताजी वांगी!"